कडेवर लेकरू, दारात गिऱ्हाईक

कंधार नांदेडपासून साधारण ५० किलोमीटरवर आहे. गावाला रेल्वे नाही, आणि नांदेड-लातूरचा मोठा रस्ता लोह्यावरून अहमदपूरकडे निघून जातो, कंधारला बाजूला ठेवून. राष्ट्रकूटांच्या काळापासून नाव असलेला भुईकोट किल्ला आहे, जगत्तुंग समुद्र नावाचा जुना तलाव आहे, दर्गा आहे, तहसील, कोर्ट, शाळा-महाविद्यालयं आहेत. पण कमी शिकलेल्या बाईला महिन्याच्या महिन्याला पगार मिळेल अशी जागा शोधायला गेलं तर हाताच्या बोटांवर मोजावी लागते. घरात पाच वर्षांखालचं लेकरू असेल तर तिच्यापुढे वाटा मोजक्याच उरतात. सोयाबीन-कापसाच्या हंगामात रोजानं जायचं. तांड्यावरची, वाडीवरची असेल तर नवऱ्यासोबत कोयता उचलून साखर कारखान्याच्या रस्त्याला लागायचं. नाहीतर घरात बसून काहीतरी करायचं. हा आढावा त्या तिसऱ्या वाटेचा.

जुन्या गल्लीतून चालत गेलं की दारांवरच्या पाट्याच बोलतात. फॉल-पिको. ब्लाऊज शिवून मिळतील. मेहंदी व ब्युटी पार्लर. शेवया करून मिळतील. पहिली ते चौथी शिकवणी. पाटी न लावता चालणारे धंदे याहून जास्त: एक-दोन म्हशींचं दूध, परसातल्या कोंबड्यांची अंडी, ज्वारीच्या भाकरी, बाहेरगावहून बदलून आलेल्या मास्तरांचा किंवा बँकेतल्या साहेबांचा डबा, उन्हाळ्यात पापड-कुरडया, काळं तिखट, येसर, जुन्या लुगड्यांच्या वाकळा, आणि गठ्ठ्यानं आणून उधारीवर विकायच्या साड्या. (येसर म्हणजे काय हे पुण्या-मुंबईच्या वाचकाला सांगावं लागतं. धान्य-डाळी भाजून मसाल्यासोबत दळलेलं पीठ. त्याची आमटी पंगतीत नसली तर आमच्याकडे लग्नात कुजबुज होते.) मुस्लिम मोहल्ल्यांत शिलाईकाम जास्त, कारण उंबऱ्याबाहेर पाऊल न टाकता होणारं काम तेच. तांड्यावरच्या बंजारा बायकांच्या हातात आरशा-कवड्यांचं भरतकाम आहे, पण ते बहुतेक घरच्या कार्यापुरतं उरलं. त्याला मोल देणारं गिऱ्हाईक शहरात, आणि शहर लांब.

या धंद्यांबद्दल सरकार, बँका, संस्था बोलतात तेव्हा तीनच गोष्टी निघतात: भांडवल, प्रशिक्षण, बाजारपेठ. तिन्ही खऱ्या आहेत. पण लहान लेकराच्या आईचा धंदा कुठे अडतो हे पाहायला लागलं की त्यांच्याही आधी एक टंचाई दिसते, ती सलग वेळेची. दीड वर्षाचं पोर घरात असताना कोणी न हाक मारता दोन तास हाताखालचं काम करता येणं, एवढीच ती गोष्ट. शिलाई मशीन योजनेत मिळतं, शिकवायला बाई मिळते, कर्ज तर हल्ली दारात येऊन मिळतं. ते दोन तास कोणत्याच योजनेच्या यादीत नाहीत. कोणता धंदा निवडला जातो, तो किती वाढतो आणि त्याला भाव काय मिळतो, यातलं बरंचसं त्या दोन तासांवर ठरतं, असं माझं म्हणणं आहे.

देशाच्या पातळीवर याची मोजणी झालेली आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाची सरासरी २९९ मिनिटं बिनमोबदला घरकामात जात होती, ते काम करणाऱ्या पुरुषांची ९७. पाच वर्षांनी, २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. म्हणजे बाईची दहा मिनिटं वाचली आणि पुरुषाची नऊ. गॅस आला, मिक्सर आला, नळ आला, तरी पाच तासांतले जवळपास पाच तास तिथेच. लेकरांकडे बघण्याचा वेळ या आकड्यांत धरलेला नाही, तो वेगळा मोजतात. आणि सरासरीत न दिसणारी गोष्ट अशी की ही मिनिटं एका ठिकाणी नसतात. ती सकाळपासून रात्रीपर्यंत विखुरलेली असतात, आणि धंदा करायचा तो त्यांच्या मधल्या फटींत.

मग बाई फटींत मावेल असा धंदा निवडते. ब्लाऊजची बाही अर्धी शिवून उठता येतं. पापड लाटताना मधे उठलं तर लाटी ओल्या फडक्याखाली राहते. फॉल लावणं, वाकळ शिवणं, भरतकाम, सगळं सोडून उठता येतं आणि परत येऊन धरता येतं. याउलट बुंदी पाडायला घेतली तर उठता येत नाही. मसाला भाजताना क्षणभर लक्ष गेलं की करपतो. डबा सकाळी ठरल्या वेळेला आणि संध्याकाळी ठरल्या वेळेला, म्हणजे नेमका लेकरांच्या भुकेच्या वेळेला द्यायचा. पार्लरमध्ये गिऱ्हाईक खुर्चीत बसलेलं असतं, त्याला झोळीतल्या रडण्याचं काय. पण गंमत अशी की मधे सोडता येणारे धंदे सगळ्यांनाच जमतात, म्हणून सगळ्याच ते करतात, आणि एका गल्लीत चार जणी ब्लाऊज शिवायला बसल्या की शिलाई चढत नाही. ज्या धंद्यात मधे उठता येत नाही, त्यात माणसं कमी आणि पैसा बरा. तालुक्याच्या गावात साध्या ब्लाऊजची शिलाई वर्षानुवर्षं का रखडते आणि आरी वर्क केलेल्या नवरीच्या ब्लाऊजला शिवणारीण तोंडाला येईल तो भाव का सांगते, याचं उत्तर कौशल्यात अर्धंच आहे. आरीची चौकट एकदा ताणली की तासन् तास मान वर काढता येत नाही, आणि सुई, मणी, टिकल्या लेकराच्या हाताशी ठेवता येत नाहीत. ज्या घरात सासू धडधाकट आहे तिथली सून आरी शिकते. जिथे नाही, तिथली फॉल-पिकोवर राहते.

धंद्यासोबत लेकरू सांभाळायच्या क्लृप्त्याही ठरलेल्या. आढ्याला जुन्या साडीची झोळी, तिची दोरी पायाच्या अंगठ्याला, आणि दुसरा पाय मशीनच्या पायट्यावर. रांगायला लागलं की दाराला फळी आडवी. चालायला लागलं की पंचाईत सुरू. मिरची कांडप, पापडखार, कढईतलं तेल, कात्री, शेगडी हे सगळं घरातच असतं. कारखान्यात असतं तर लेकराला आत येऊ दिलं नसतं. घर हेच कारखाना झालं की हा नियम लावणार कोण? म्हणून आई स्वतःच धंदा छोटा ठेवते. कढई लहान, मिरची पाच किलोच. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं हिला महत्त्वाकांक्षा नाही. मला त्यात शहाणपण दिसतं, आणि ते शहाणपण तिला महाग पडतं हेही.

युगांडात सोलेन डेलेकूर आणि ॲन फिट्झपॅट्रिक या दोन अभ्यासकांनी छोट्या दुकानांची पाहणी करून २०२१ मध्ये याच गोष्टीला आकडा दिला. बायकांच्या दुकानांपैकी साधारण एक तृतीयांश ठिकाणी लहान मूल दुकानातच होतं. पुरुषांच्या दुकानात जवळपास कुठेच नव्हतं. आणि मूल सोबत असलेल्या बायकांचा नफा इतर बायकांच्या मानानं ४८ टक्क्यांनी कमी होता. युगांडा कुठे आणि कंधार कुठे, हे खरं. पण गल्ल्यावर बसून पोराला भरवणारी किराणा दुकानवाली आपल्याकडेही आहे आणि गिऱ्हाईक तिच्याकडूनही पुढच्या दुकानात निघून जातं.

वर्षाचं चक्र पाहिलं तर ओढाताण आणखी कळते. पापड, कुरडया, शेवया, सांडगे यांचा हंगाम होळीनंतर सुरू होऊन रोहिण्यांपर्यंत. ऊन तेव्हाच, आणि शाळांना सुटीही तेव्हाच. म्हणजे धंदा भरात असताना घरात सगळी लेकरं. दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी येतात तेव्हा शेतात सोयाबीनची काढणी आणि मागोमाग कापसाची वेचणी. मजुरीचा दर तेव्हाच चढा असतो. चकल्या तळायच्या की शेतात जायचं हा हिशोब प्रत्येक घरात होतो, आणि तान्हं पोर असेल तर निकाल चकलीकडे लागतो. लगीनसराईत शिलाई. पावसाळ्यात जवळपास सगळंच मंद. हप्ता मात्र बारमाही, पण त्याबद्दल पुढे.

पाणी हा मराठवाड्यातला आणखी एक मुद्दा. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, त्याच्या बातम्या देशभर झाल्या. त्या उन्हाळ्यात कुरडईचा गहू भिजवायला, चीक काढायला कोणाकडे पाणी होतं? कंधार तालुक्यात बारूळजवळ मन्याड नदीवर निम्न मानार धरण आहे, अलीकडे लिंबोटीचं पाणीही आहे. तरी वाड्या-तांड्यांवर टँकरचे महिने येतात. टँकर आला की धंदा जागच्या जागी ठेवून घागर घेऊन धावायचं, तेही पोराला कडेवर घेऊन.

पूर्वी यावर एक उपाय होता आणि त्याला कोणी उपाय म्हणत नव्हतं. उन्हाळकामं वारंगुळ्यानं होत. आज माझ्या घरचे पापड, उद्या तुझ्या. आठ-दहा बायका एका ओसरीवर लाटायला बसत, लेकरं त्याच अंगणात, आणि त्यांच्यावर नजर ठेवायला हात थरथरतात म्हणून लाटायला न बसणारी एखादी आजी. पापडांसोबत लेकरांचाही वारंगुळा होत होता. पापड विकायचे झाले तसा तो मोडत गेला. ऑर्डर एकीची, पैसे एकीचे. मग शेजारीण फुकट का लाटेल? तिला मजुरी द्यायची तर भाव बसत नाही. विक्रीनं बाईच्या हातात पैसा दिला हे चांगलंच झालं. त्या व्यवहारात अंगणातली आजी कुठे गेली, याची नोंद मात्र कोणत्या प्रकल्प अहवालात सापडणार नाही.

वारंगुळ्याची ती सोय धंद्यात टिकवून दाखवली ती मुंबईनं. १५ मार्च १९५९ ला गिरगावात एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटले. तीच पुढे श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड झाली. लिज्जतची कथा जिद्दीची कथा म्हणून फार वेळा सांगून झाली आहे, आणि जिद्दीची गोष्ट सांगितली की रचना झाकली जाते. रचना अशी: पीठ मळणं केंद्रावर, तपासणी केंद्रावर, पॅकिंग आणि विक्री संस्थेची. घरी फक्त लाटणं आणि वाळवणं. सकाळी मळलेलं पीठ न्यायचं, दुसऱ्या दिवशी पापड आणून द्यायचे, वणाई, म्हणजे लाटण्याची मजुरी, घ्यायची. म्हणजे ज्या कामात मधे उठता येतं तेवढंच आईकडे ठेवलं आणि ज्यात उठता येत नाही ते तिच्याकडून काढून घेतलं. वर ती मजूर न राहता सभासद, नफ्यात वाटेकरी. आज तिच्या सभासद भगिनी ४५ हजारांच्या घरात आहेत. त्या सात जणींतल्या जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली ती सहा दशकांनी.

मग हे कंधारला का होत नाही? मुंबईत एका बसफेरीत शंभर घरं होतात. आमच्याकडे शंभर घरांसाठी पाच गावं फिरावी लागतात, मधे घाट, आणि पिठाला तेवढा दम नसतो. शिवाय घरोघरी पापड होत असलेल्या मुलखात विकतचा पापड घेणार कोण. गिऱ्हाईक नांदेडला, लातूरला, हैदराबादला.

मुंबईचंच दुसरं उदाहरण प्रेमाताई पुरव यांचं. गिरणगावात एकट्या राहणाऱ्या कामगारांना खानावळ घालणाऱ्या बायकांना त्यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात बांधलं आणि सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळवून दिलं. त्या बायका आधीपासूनच धंदा करत होत्या, फक्त त्याला धंदा म्हणत कोणी नव्हतं. मराठवाड्यात याचा आजचा अवतार लातूरला दिसतो. अकरावी-बारावी आणि नीटच्या शिकवण्यांसाठी जिल्ह्या-जिल्ह्यांतून पोरं येतात. त्यांच्यासाठी गल्लोगल्ली मेस चालतात. गिऱ्हाईक रोजचं, पैसे महिन्याचे, मागणी दाट. कंधारच्या डबेवालीला यातलं काहीच नसतं. तिच्याकडे दोन मास्तर जेवतात, आणि बदल्या झाल्या की धंदा बंद.

आपल्या भागात जे घडलं त्याची सुरुवात भूकंपापासून धरावी लागेल. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर भाग जमीनदोस्त झाला. पुनर्बांधणीच्या काळात प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोगानं लातूर-उस्मानाबादच्या गावांत बायकांना घरदुरुस्तीच्या कामात संवादक म्हणून उभं केलं. बायका बैठकीला बसल्या, अभियंत्याला प्रश्न विचारू लागल्या. त्यातून बचत गट झाले, गटांतून छोटे धंदे, आणि पुढे सुधारित चुली, सौर दिवे असं गावोगाव विकणाऱ्या सखी. २०१६ मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. या सगळ्यातून मला जाणवतं ते हे की फिरून विकायचा धंदा लेकरं मोठी झालेल्या बाईला जमतो. पंचवीस वर्षांची, कडेवर पोर असलेली बाई गटाच्या बैठकीलाही मागे दाराशी बसते, रडलं तर बाहेर नेता यावं म्हणून. गटाची अध्यक्षबाई बहुधा चाळिशीची असते ती उगीच नाही.

नाबार्डनं १९९२ मध्ये ५०० गटांपासून सुरू केलेली बँक-जोडणी, १९७५ चं महिला आर्थिक विकास महामंडळ म्हणजे माविम, २०११ पासून राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान म्हणजे उमेद, या तिघांनी मिळून आज तालुक्यात गट नसलेलं गाव शोधावं लागेल अशी स्थिती आणली. म्हसवडला चेतना गाला-सिन्हा यांनी १९९७ मध्ये माणदेशी महिला बँक उभी केली. सभासद बायका अंगठा उठवणाऱ्या आहेत म्हणून आधी परवाना नाकारला गेला होता. गटांनी बाईच्या नावानं पासबुक आणलं, हे थोडं नाही. पण गटाच्या जोडीनं, हल्ली तर गटाच्या पुढे जाऊन, मायक्रोफायनान्सवाले आले. दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला ठरल्या वारी, ठरल्या घरी, ठरल्या वेळेला हप्ता. लेकरू तापलं म्हणून चार दिवस मशीन बंद राहिलं तरी वार चुकत नाही. मग एका कंपनीचा हप्ता भरायला दुसरीचं कर्ज. रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्ये नियम घातला की घराच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाऊ नयेत. उत्पन्न कागदावर किती लिहायचं हे फॉर्म भरणाऱ्याच्या हातात असतं.

कर्जानं धंदा वाढतो का, यावर जगातला एक गाजलेला प्रयोग हैदराबादेतच झाला. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी शहरातल्या १०४ वस्त्या घेतल्या, निम्म्यांत सूक्ष्म कर्ज आधी सुरू झालं. काही वर्षांनी पाहिलं तर आधीपासून चालू असलेल्या धंद्यांना थोडा फायदा दिसला. बायकांच्या हाती निर्णय, मुलांचं शिक्षण यात म्हणावा असा फरक नव्हता. त्याआधी श्रीलंकेत त्सुनामीनंतर छोट्या धंदेवाल्यांना कर्ज न देता सरळ अनुदान देऊन पाहिलं होतं. पुरुषांचा नफा वाढला, बायकांचा वाढला नाही. बायकांना धंदा जमत नाही असं म्हणायला काहींना हे पुरेसं होतं. २०१९ मध्ये रोहिणी पांडे, एरिका फील्ड आणि सहकाऱ्यांनी भारत, श्रीलंका, घानाची आकडेवारी परत उलगडली, तेव्हा कळलं की घरात नवऱ्याचाही धंदा असेल तर बाईच्या नावचा पैसा तिकडे वळतो. घरात एकटीचाच धंदा असेल तिथे तिचा परतावा पुरुषांपेक्षा कमी नव्हता. हे वाचून कंधारच्या कोणत्याही गटातली बाई म्हणेल, यासाठी परदेशातून माणसं कशाला आणली. शिलाई मशीनसाठी काढलेलं कर्ज सोयाबीनच्या बियाण्यात गेलेलं तिनं पाहिलेलं असतं, बहुतेक वेळा स्वतःच्या संमतीनं. शेती बुडाली तर मशीन ठेवून काय करायचं, असाही तिचा हिशोब असतो आणि तो चुकीचा नसतो.

कायद्याकडे पाहिलं की ही बाई दिसेनाशीच होते. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती होऊन रजा २६ आठवड्यांची झाली, ५० किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला पाळणाघर सक्तीचं झालं. स्वतःच्या ओसरीवर मशीन चालवणारीला रजा देणार कोण? तिच्यासाठी मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळंतपणाचे ५ हजार, आणि दुसरी मुलगी झाली तर ६ हजार. घरी बसून दुसऱ्यासाठी माल बनवणाऱ्या कामगारांसाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १९९६ मध्ये १७७ क्रमांकाचा करार केला, त्यामागे इला भट्ट आणि अहमदाबादच्या सेवा संघटनेची खटपट मोठी होती. भारतानं त्यावर अजून मोहोर उठवलेली नाही. सोलापूरच्या विडी वळणाऱ्या बायका घरी काम करूनही १९६६ च्या विडी कामगार कायद्यात कामगार ठरल्या, कारण त्यांच्या मागे संघटनेचा इतिहास आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घरबसल्या कामगाराची व्याख्या आहे, पण मालकासाठी माल करणाऱ्याची. स्वतःचे पापड स्वतः विकणारी ती नव्हे. ती स्वयंरोजगारवाली, म्हणजे स्वतःची मालक, म्हणजे तिची सगळी जबाबदारी तिच्याच गळ्यात. खाद्यपदार्थांच्या नोंदणीचं म्हणाल तर २०११ च्या नियमांनी १२ लाखांच्या आत उलाढाल असलेल्यांना वर्षाला १०० रुपयांत ती सोय दिली. फी अडचण नाही. अडचण अर्ज करायला लागणाऱ्या दिवसाची आहे, आणि दिवसभर लेकरू ठेवायचं कुठे हा प्रश्न परत तिथेच.

लेकरू ठेवायचं कुठे, याचं उत्तर या महाराष्ट्रातच एकदा शोधलं गेलं होतं. १९४५ मध्ये ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली. मूल आणि घरचं काम यांना वेगळं करता येत नसेल तर शिक्षणानं कामाच्या जागी जावं, असा तो विचार. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना आली आणि अंगणवाडी देशभर गेली. कुपोषणाच्या विरोधात तिनं जे केलं त्याचं मोल मोठं आहे. पण आईच्या कामाच्या वेळेशी तिचा सांधा कधी बसवलाच नाही. अंगणवाडी थोडे तास भरते. तीन ते सहा वर्षांची मुलं तिथे बसतात. तीनच्या खालच्यांना आहार घरपोच, म्हणजे पाकीट मिळतं आणि लेकरू घरीच राहतं. ज्या दोन-अडीच वर्षांत आईला मदत सगळ्यात जास्त लागते, नेमकी तीच बाजू उघडी.

ती उघडी बाजू कोण झाकतं? सासू, असेल आणि पटत असेल तर. नाहीतर मोठी मुलगी. आठ-नऊ वर्षांची पोर धाकट्या भावाला कडेवर घेऊन गल्लीत उभी असते, आणि तिची शाळेतली हजेरी आईच्या ऑर्डरींप्रमाणे वर-खाली होते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं तिचं नाव पटावर नक्की केलं आहे. घरगुती धंद्याच्या यशोगाथा लिहिणाऱ्यांनी या मुलीला विचारावं असं मला फार वाटतं. आईच्या धंद्यात तिचं भांडवल किती, हे कोणी मांडलेलं नाही.

मोबाइलनं मधल्या काळात काही गोष्टी सोप्या केल्या. व्हॉट्सॲपवर ब्लाऊजच्या गळ्याचे फोटो येतात, पैसे फोनवर येतात, पुण्याला गेलेल्या कंधारकरांना येसर-मेतकूट कुरिअरनं जातं. उधारीही थोडी कमी झाली, कारण नात्यातल्या माणसाला तोंडावर पैसे मागता येत नाहीत, मेसेजमध्ये येतात. पण रात्री अकराला पोर झोपल्यावर ऑर्डरींना उत्तरं देणं ही कामाची तिसरी पाळी झाली.

पाळणाघर हाच एक घरगुती धंदा होऊ शकतो, असं म्हणणारे भेटतात. होऊ शकतो. तालुक्याच्या गावी शिक्षिका आहेत, परिचारिका आहेत, बँकेतल्या मुली आहेत. त्या पैसे देऊन मूल ठेवतील. ब्लाऊज शिवणारीला ते परवडणार नाही, तिची दिवसाची कमाई पाळणाघराच्या फीतच जाईल. तिच्यासाठी पैसा सार्वजनिकच हवा. केंद्राच्या पाळणा योजनेत, २०२२ पासून, अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायची तरतूद आहे. तरतुदीत आणखी जुनं पाहायचं तर २००५ च्या रोजगार हमी कायद्यातही कामावर पाच किंवा अधिक लहान मुलं असतील तर त्यांना सांभाळायला एक बाई मजुरीवर नेमावी असं लिहिलेलं होतं. कागद तयार होता, कामावर मात्र झाडाला बांधलेली झोळीच दिसायची.

शेजारच्या कर्नाटकानं तोच धागा धरून २०२३ मध्ये कूसिना मने सुरू केली. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी ग्रामपंचायतीतच पाळणाघर, आणि सांभाळणाऱ्या गावातल्या बायकांना मजुरी रोजगार हमीतून. सुमारे ४ हजार पंचायतींत ती उघडायचं ठरलं होतं. सगळीकडे नीट चालतात असं म्हणायचं नाही. मजुरी थकणं, जागा अपुरी असणं तिकडेही आहेच. पण लेकरू सांभाळणं हे गावानं पैसे देऊन करून घ्यायचं काम आहे, हे तिथल्या सरकारनं हिशोबाच्या वहीत लिहिलं. बिदरची हद्द देगलूर-उदगीरला लागून आहे. इकडच्या लेकी तिकडे दिलेल्या आहेत, तिकडच्या इकडे आलेल्या. माहेरी बाळंतपणाला आलेली मुलगी सासरच्या पंचायतीत काय आहे ते सांगते, आणि ऐकणाऱ्या बायका पुढच्या ग्रामसभेत तेच विचारू शकतात, फक्त ती सभा लेकरं झोपायच्या वेळेला ठेवू नये.